उजेडाच्या टेबलावरच्या अक्का

प्लास्टिक फिल्मचा तुकडा उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरला की अक्का तिची जाडी सांगायच्या. सांगताना नजर दुसरीकडेच असायची. "पन्नासची म्हणतोस व्हय? पंचावन्नच्या आत न्हाय बघ," असं म्हणून तुकडा माझ्या टेबलावर टाकायच्या. मी मायक्रोमीटर लावायचो, आकडा छप्पन दाखवायचा. छप्पन आणि पन्नास मायक्रॉनमधला फरक माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. बी.एस्सी. केमिस्ट्री पहिल्या वर्गात पास झालेल्या मला तो यंत्राशिवाय कळत नसे. चौथी शिकलेल्या अक्कांना कळत असे, आणि त्याचं त्यांना काही विशेष वाटत नसे.

अक्का निपाणीकडच्या. गाव सीमेच्या अलीकडं की पलीकडं, असं विचारलं तर म्हणायच्या, "चूल हिकडं, परडं तिकडं." अक्का म्हणजे थोरली बहीण, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना अक्काच म्हणत. लहानपणापासून त्यांनी बिड्या वळल्या होत्या, पंचवीसेक वर्षं. तेंदूचं पान पत्र्याच्या मापानं कातरायचं, बोटांत फिरवायचं, तंबाखू भरून वळायचं. "पान जाड लागलं तर बिडी वढत न्हाय, पातळ लागलं तर फुटतीया. हजार पानं हातातनं गेली की बोटच मास्तर हुतंय," असं त्या सांगायच्या. तंबाखूनं छाती धरायला लागल्यावर त्यांनी ते काम सोडलं आणि एका कंत्राटदारामार्फत कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पॅकिंगला आल्या. तिथं लेथवरच्या बापूंनी एकदा गंमत म्हणून त्यांच्या हातात दोन जाडीच्या फिल्म दिल्या. त्या दिवसापासून अक्का पॅकिंगला परत गेल्या नाहीत.

ही फिल्म काय असते, हे मला गावाकडं अजून विचारतात. तव्याला ज्या थरामुळं डोसा चिकटत नाही, त्याच जातीचं हे प्लास्टिक. कागदोपत्री त्याला पीटीएफई म्हणतात, कारखान्यात नुसतं 'पांढरं'. मैद्यासारखी पावडर येते. ती थंड खोलीत ठेवावी लागते, नाहीतर गोळे होतात. साच्यात घालून प्रेसखाली दाबली की उखळाएवढा पोकळ गोळा तयार होतो. तो भट्टीत दीड दिवस हळूहळू तापवायचा आणि तितक्याच हळू गार करायचा. घाई केली की आतून तडकतो. मग तो लेथवर चढवून लांब पात्यानं त्याची साल काढायची. ती साल म्हणजेच फिल्म. चांगला कारागीर असला की शेकडो मीटर साल न तुटता निघते. आम्लानं ती खराब होत नाही, उष्णतेनं वितळत नाही, विजेला दाद देत नाही आणि कशाला चिकटत नाही. म्हणून ती फौंड्रीतल्या तापणाऱ्या तारांवर गुंडाळतात, रसायनांच्या व्हॉल्व्हमध्ये बसवतात, दुधाच्या पिशव्या गरम करून बंद करणाऱ्या यंत्राच्या पट्टीवर लावतात.

लेथवरून उतरलेली प्रत्येक गुंडाळी अक्कांच्या टेबलावर यायची. त्या टेबलाला वरून काच होती आणि काचेखाली ट्यूबलाइटी. खोली अंधारी. एका टोकाला गुंडाळी उलगडायची, दुसऱ्या टोकाला भरायची, मध्ये काचेवरून फिल्म सरकायची. जिथं भोक दिसेल तिथं अक्का कडेला लाल ठिपका द्यायच्या. रोज आठ तास.

मी गुणवत्ता विभागात लागून तीन आठवडे झाले होते. एक गुंडाळी मी मायक्रोमीटरनं ठिकठिकाणी मोजली, सगळे आकडे बरोबर आले, मी 'पास'चा शिक्का मारला. गुंडाळी अक्कांच्या टेबलावरून जायची होती हे मला माहीत होतं, पण मला वाटलं, मोजल्यावर आणखी काय बघायचं? अक्कांनी ती पॅकिंगमधून परत ओढून आणली आणि मला हाक मारली, "ए बी.एस्सी., हिकडं ये. बघ."

मी वाकून बघितलं. "काही दिसत नाही, अक्का."

"भोक बघू नगंस. भोक कधी दिसत न्हाय. उजेड बघ."

मग मला सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. ती गुंडाळी तारांवर जायची होती. तशीच गेली असती तर कुठंतरी ठिणगी उडाली असती आणि माझी नोकरी सुरू होण्याआधीच संपली असती. अक्कांनी तिच्यावर ठिपका दिला, माझा शिक्का ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाल्या, "एकदा चुकलास, सोडला. दुसऱ्यांदा चुकलास तर साहेबास्नी सांगतो. तिसऱ्यांदा चुकलास तर तुझ्या बापाला सांगतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात. पुढं कितीतरी दिवस मी दुपारची सुट्टी त्या अंधाऱ्या खोलीत काढली. फिल्मच्या परीक्षणाबद्दल मला जे येतं ते सगळं तिथलं आहे. कॉलेजातलं त्यात फार थोडं.

या फिल्मचा दर किलोवर असतो, आणि ती जितकी पातळ तितका किलोचा दर जास्त. माझे वडील पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या गावी दूध संस्थेत मापाडी आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दूध पातळ झालं तर आम्ही दर पाडतोय, आन् तुमच्यात पातळाला जास्त? खुळी हायत काय लेको तुमची माणसं?" मी समजावलं की पातळ साल काढताना लेथ हळू चालवावा लागतो, फिल्म तुटते, वाया जाते. त्यांना ते पटलं नाही. अक्कांना मात्र एका वाक्यात पटलं. "बारीक बिडीला बी वेळ जास्तच लागतोय," त्या म्हणाल्या.

दराची दुसरी बाजू पूर्ण अक्कांच्या हातात होती. ठिपका नसलेली गुंडाळी पहिल्या प्रतीची, विजेच्या कामाला जाणारी. एक-दोन ठिपक्यांची दुसऱ्या प्रतीची, पट्ट्यांना आणि वॉशरला जाणारी. तिचा दर निम्मा. त्याहून जास्त ठिपके असले की भंगार. म्हणजे लाल पेनाच्या टोकानं एका गुंडाळीची किंमत निम्मी व्हायची. हे कळल्यावर अक्का हसून म्हणाल्या होत्या, "माझ्या ठिपक्याला लई वजन हाय की रं. माझं वजन मातूर कुणी करंना."

महिना संपत आला की कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या ऑफिसातून विक्रीचे साहेब यायचे. ते अक्कांशी गोड बोलायचे, कारण दुसरा इलाज नव्हता.

"अक्का, तीन ठिपकं म्हणजे काय मोठं हो? दीडशे मीटरचा माल हाय."

"साहेब, तुमच्या गाडीच्या चाकाला किती भोकं चालत्यात?"

"अहो, जरा डोळं मिटा की एकदा."

"डोळं मिटायला घरात जागा हाय मला. हितं उघडं ठेवायचा पगार घेतो मी. तुमास्नी पायजे तर तुमीच खोडा ठिपका, आन् खाली सही करा."

साहेबांनी कधी सही केली नाही.

प्रत्येक गुंडाळीबद्दल त्या मला विचारायच्या, "ही कुठं जाणार?" मी सांगायचो. ते त्यांच्या लक्षात राहायचं. एकदा सकाळी माझ्या टेबलावर दुधाची रिकामी पिशवी आणून टाकली. "बघ. शिवण कशी सरळ आलीया. गेल्या महिन्यातली आपली पट्टी असणार." ती आपलीच पट्टी कशावरून, असं मी विचारलं तर रागावल्या. "तुला तुझं अक्षर वळखू येत न्हाय व्हय?"

या फिल्मला काही चिकटत नाही हा तिचा गुण, पण काही कामांना ती चिकटवावीच लागते. मग तिची एक बाजू रसायनानं जाळतात. ती बाजू तपकिरी होते आणि गोंद धरते. अशा फिल्मचा दर आणखी चढा. अक्का ती गुंडाळी हातात घेऊन म्हणायच्या, "चिकटून ऱ्हायाचं तर एक अंग जाळून घ्यावं लागतंय बघ. मी तर दोन्ही जाळली, तरी ह्यांच्यात चिकटलो न्हाय."

हे त्या कंपनीबद्दल बोलत. नऊ वर्षं त्या टेबलावर होत्या, पण कंपनीच्या नव्हत्या. त्या कंत्राटदाराच्या. दर दोन-अडीच वर्षांनी कंत्राटदार बदलायचा, गेटपासचा रंग बदलायचा आणि अक्कांची नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू व्हायची. "पास बदलला की मी नवा. नऊ वर्षांत चारदा जलमलो," त्या म्हणायच्या. त्यांना पर्मनंट व्हायचं होतं. याशिवाय त्यांनी कुणाकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

ते का, हे एका दुपारी भाकरी खाताना कळलं. बिड्यांच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराचं कार्ड असतं. वळलेल्या बिड्या त्यावर चढतात, फंड त्यावर जमतो. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा सासूचं कार्ड होतं. नवीन कार्डाला खेपा घालाव्या लागतात, तोवर तात्पुरतं ह्याच्यावर चालू दे, असं ठरलं. तात्पुरतं म्हणजे सासू मरेपर्यंत. अक्कांनी वळलेल्या सगळ्या बिड्या सासूच्या नावावर चढल्या आणि सासूचा फंड धाकट्या दिरानं उचलला. "पैसं गेलं त्येचं न्हाय वाटत," अक्का म्हणाल्या. "पण हापिसातला मानूस म्हनला, बाई, तुमी कवा बिडी वळलीच न्हाय, कागदावर तुमी न्हाईच. माझी बोटं बघ म्हनलं. तर म्हनतोय, बोटं लावायला रकाना न्हाय."

त्यावर मी जे बोललो ते आजही शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "अक्का, तुमचं काम कागदावर नाही म्हणून कंपनीला दिसत नाही. आपण ते लिहून काढू. सगळं. मग तुम्हाला कुणी सोडू शकणार नाही."

मी ते मनापासून म्हणालो होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. उत्पन्नाचा दाखला, फीमाफीचा अर्ज, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचं पत्र. मला जे मिळालं ते कागदानं मिळालं. कागद नव्हता तोवर माझ्या आजोबांना आणि वडिलांना साहेबाच्या दारात उभं राहावं लागलं. कागदावर आलेली गोष्ट माणसाकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, असं मला खरंच वाटायचं.

अक्कांना ते पटलं. बापूंना नाही. त्यांनी लेथ थांबवून अक्कांना बाजूला घेतलं, मी ऐकत होतो तरी. "अक्का, सगळं सांगू नगा ह्याला. एक-दोन गोष्टी मुठीत ठेवा."

"आन् ते का?"

"का म्हंजे? मूठ उघडली की हात रिकामा."

"गप बसा बापू. पोरगं माझ्यासाठी लिव्हतंय. त्येला अर्धं सांगितलं तर अर्धीच पर्मनंट हुईन की मी."

दोन महिने आम्ही दुपारच्या सुट्टीत लिहीत होतो. ते सोपं नव्हतं. मी विचारायचो, "जाडी वाढली हे कळतं कसं?" त्या म्हणायच्या, "पानाचं देठ लागल्यागत लागतंय." मी लिहायचो, 'स्थानिक जाडीवाढ बोटांना कठीण रेषेसारखी जाणवते.' मी वाचून दाखवलं की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. "असं मी बोललो व्हय? लई शानी झालो की मी." पात्याला खाच पडली की फिल्मवर एकाच अंतरानं रेघ येते. भट्टी घाईनं गार केली की पांढऱ्यात दुधाळ ढग दिसतात. पावडर थंड खोलीतून फार आधी बाहेर काढली की फिल्म उलगडताना तिचा आवाज बदलतो. हा आवाज मला कधीच ऐकू आला नाही. त्यांनी सांगितला तसा मी लिहिला. त्यांच्याकडं पत्र्याचा एक डबा होता. नऊ वर्षांत सापडलेल्या प्रत्येक दोषाचा एकेक तुकडा त्यात जपलेला. त्यावर अक्षरं नव्हती. प्रत्येक तुकडा वेगळ्या घडीचा होता आणि घडीवरून त्या दोष ओळखायच्या. त्या डब्यातलाही प्रत्येक तुकडा त्यांनी मला समजावून दिला.

सोळा मुद्दे झाले. सतरावा मी माझ्या मनानं घातला. चांगली कार्यपद्धती कुणा एका माणसावर अवलंबून नसते, असं मला एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. कागद वजनदार व्हावा म्हणून मी शेवटी लिहिलं, 'वरील पद्धतीनुसार कोणताही प्रशिक्षित कामगार ही तपासणी करू शकतो.' सगळे मुद्दे मी अक्कांना वाचून दाखवले. सतराव्यावर त्या थांबल्या.

"कुणीबी?"

"कुणीही म्हणजे तुम्ही शिकवलेला, अक्का."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या.

प्लँट मॅनेजरांनी कागद वाचला आणि उठून माझ्याशी हात मिळवला. 'तयार करणारा' या रकान्यात मी अक्कांचं पूर्ण नाव लिहिलं होतं. त्यावर त्यांनी पेनानं रेघ मारली. "कंत्राटी माणसाचं नाव कंपनीच्या दस्तऐवजात येत नाही. उद्या कायद्याची भानगड होते. लिहिलंय तुम्ही, तुमचंच नाव घाला." मी घातलं. अक्कांना येऊन सांगितलं, की सध्या माझं नाव आहे, तुम्ही पर्मनंट झालात की बदलू, हे तात्पुरतं आहे.

"घाल की. लिव्हलंस तूच," त्या म्हणाल्या. फिल्म पुढं सरकवत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सासूचं कार्ड बी तात्पुरतंच हुतं."

त्या कागदाच्या जोरावर आम्हाला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. त्यांचे परीक्षक आले, त्यांनी कागदाची स्तुती केली आणि जाताना विचारलं, इतकं सगळं लिहिलेलं असताना हे काम अजून डोळ्यांनी का करता? तीन महिन्यांत पुण्याहून कॅमेऱ्यांचं यंत्र आलं. यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरला दोष कसे दिसतात ते यंत्राला शिकवायचं होतं, म्हणून दोषांचे नमुने हवे होते. अक्कांनी आपला डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. एकेक घडी उलगडून सांगत गेल्या, "ह्ये धुळीचं. ह्ये भट्टीचं. ह्ये पात्याचं, ह्येला भोक समजू नगा, ह्ये नुसतं वरचं हाय."

महिनाभर यंत्र आणि अक्का शेजारी शेजारी चालली. यंत्र सुरुवातीला प्रत्येक धुळीच्या कणाला भोक म्हणायचं. अक्का ओरडायच्या, "अय्यो, ह्येला आधी चष्मा लावा कुणीतरी!" सगळे हसायचे. मग त्यांनीच उपाय सांगितला. बिडीचं पान वळण्याआधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, तसं फिल्म कॅमेऱ्याखाली जाण्याआधी ओलसर फडक्यावरून जाऊ दे. इंजिनिअरनं तिथं फडकं गुंडाळलेला रूळ बसवला. यंत्राची चूक थांबली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला नवा कंत्राटदार आला. कुणी कुणाला काढलं नाही. गेटवर नवी यादी लागली आणि तिच्यात अक्का नव्हत्या, एवढंच. मला त्यांचा फोन आला. "बी.एस्सी., यादी बघ की जरा. माझं नाव लिव्हायचं चुकलंया वाटतं. ह्यो वाचमन आत सोडंना."

मी मॅनेजरांकडं गेलो. ते शांत होते. "त्या टेबलाचं काम संपलं. वाईट मलाही वाटतं."

"साहेब, हे सगळं ज्ञान त्यांचं आहे."

"आहे ना. आणि ते आता लिहिलेलं आहे. तुमचाच सतरावा मुद्दा वाचा. कोणताही प्रशिक्षित कामगार. तुम्हीच म्हणताय." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. माझ्या बढतीचं पत्र होतं. गुणवत्ता विभागाचा प्रमुख.

मी ते परत द्यायला हवं होतं. निदान टेबलावर ठेवून बाहेर यायला हवं होतं. मला तेव्हा आठवलं ते एवढंच, की वडील संस्थेत कॅन मोजताना लोकांना सांगतात, माझं पोरगं साहेब होणार हाय. मी पाकीट खिशात घातलं आणि गेटवर गेलो.

बाकीच्या बायका आत गेल्या होत्या. अक्का जेवणाची पिशवी घेऊन उन्हात उभ्या होत्या. मी म्हणालो, "यादी बरोबर आहे, अक्का. मी साहेबांशी बोललो. ते ऐकत नाहीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "किती बोललास?"

मी एक वाक्य बोललो होतो.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "माझा डबा तेवढा आणून दे. पत्र्याचा."

मी आत गेलो. डबा कॅमेऱ्याच्या यंत्राजवळच्या कपाटात होता. त्यावर नंबराचं लेबल लागलं होतं, आतल्या तुकड्यांची यादी झाली होती, आणि 'मूळ नमुने, विभागाबाहेर नेऊ नयेत' अशी सूचना होती. सूचनेखाली कुणाची सही लागणार होती ते आता मला माहीत होतं. मी रिकाम्या हातानं परत आलो. अक्कांनी माझ्या हातांकडं बघितलं, मग रस्त्याकडं वळून वडापच्या जीपला हात केला. जीप भरलेली होती. आतल्या बायकांनी सरकून त्यांना जागा केली.

सहा महिन्यांनी मी त्यांच्या गावी गेलो. तेवढे महिने का लागले, ते मला माहीत आहे आणि लिहायला लाज वाटते. जाताना मी एक प्रमाणपत्र टाइप करून नेलं होतं. त्यात अक्कांचं पूर्ण नाव होतं, त्यांनी इतकी वर्षं फिल्म तपासणीचं काम उत्तम केलं असं होतं आणि खाली माझी सही होती. अक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसून बिड्या वळत होत्या. काम आता पूर्वीएवढं मिळत नाही, मिळेल तेवढं करतात, असं सून म्हणाली. खोकला परत आला होता.

"या पावणं, बसा," अक्का म्हणाल्या. ओळख नसलेल्या माणसाला म्हणतात तसं. "च्या घ्या. सावकाश घ्या, कडत हाय."

मी कागद पुढं केला. नातीनं तो मोठ्यानं वाचला. शाळेत धडा वाचावा तसा, प्रत्येक शब्द तोडून. अक्का ऐकत होत्या, पण हात थांबले नव्हते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिक्का कुठाय?"

शिक्का नव्हता. तो ऑफिसात असतो, आणि कंत्राटी माणसासाठी तो मिळत नाही.

"शिक्का न्हाय म्हंजे तुमी घरात बसून लिव्हलाय." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "पोरी, दे परत पावण्यास्नी. पिशवीत नीट घाला, दुमडंल."

मी चहा संपवला आणि निघालो. त्या उठल्या नाहीत. पानांचं सूप मांडीवर होतं.

मी आजही त्याच कारखान्यात आहे. फिल्मचे दर आता मीच काढून शाहूपुरीला पाठवतो. यंत्र चांगलं चालतं, तक्रारी जवळजवळ नाहीत. दर वर्षी एकदा विभागातले सगळे दस्तऐवज फेरतपासणीसाठी माझ्यासमोर येतात, त्यात तो सतरा मुद्द्यांचा कागदही असतो. खाली दोन रकाने आहेत, 'बदल' आणि 'बदलाचे कारण'. पहिल्या वर्षी मी सतरावा मुद्दा खोडायचं ठरवलं आणि कारणाच्या रकान्यावर पेन टेकवून बसलो. कंपनीला चालेल असं कारण मला सापडलं नाही. जे कारण होतं ते त्या रकान्यात मावणारं नव्हतं, आणि मावलं असतं तरी मी लिहिलं असतं का, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. मी 'बदल नाही' असं लिहिलं आणि सही केली. दुसऱ्या वर्षी रकान्याकडं फार वेळ बघितलं नाही. या वर्षी कागद सकाळी आला, आणि चहा यायच्या आत सही करून मी तो परत पाठवला.